वेग आणि काटकसर : एका मोटारसायकलीची कुळकथा

घरांत एखादी मोठी वस्तु यावयाची म्हणजे ती येण्यापूर्वीं एक लहानसें महाभारत व्हावयाचेंच, हा अनुभव एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस नवा नाहीं. गेल्या माघी चतुर्थीस राजूरच्या गणपतीचें दर्शन घेऊन आम्ही भोकरदन येथें एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं मुक्कामास गेलों, तेव्हां तेथें असेंच एक महाभारत ऐन रंगांत आलें होतें. घरांतील थोरला नातू शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन राजूरच्या बाजूस एका शाळेंत नोकरीस लागला होता. एस. टी.च्या वेळा आणि शाळेच्या वेळा कांहीं केल्या जुळत नव्हत्या. त्याला मोटारसायकल हवी होती, आणि तीहि दीडशें सीसीची पल्सर. धाकट्या चुलत्यांचें म्हणणें असें कीं, शंभर सीसीची हलकी गाडी घ्यावी. ती थोड्या पेट्रोलांत लांब जाते. ‘शाळेंत शिकवायला चालला आहेस कीं शर्यत लावायला?’ असा त्यांचा रोखठोक सवाल होता. आजीबाईंस तर दोन चाकांचें नांवच नको होतें. कारण कांहीं वर्षांपूर्वीं मधल्या चिरंजीवांची स्कूटर रस्त्यावर सांडलेल्या काळ्या मातीच्या चिखलावरून घसरली, त्यांच्या उघड्या डोक्यास मार बसला, आणि तेव्हांपासून त्यांचा एक कान कायमचा गेला. आजोबा झोपाळ्यावर बसून सर्व ऐकत होते. परंतु एक शब्दहि बोलत नव्हते.

आम्ही पडलों पाहुणे. आणि भांडणांत पाहुण्यास पंच नेमण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. सोयरीक जुळवितांना जसें कुळ पाहतात, तसें घरांत येणाऱ्या यंत्राचेंहि पाहावें, असें आमचें मत आहे. तें कोणाच्या गरजेंतून जन्मलें, कोणत्या चुका करून शिकलें, हें कळलें म्हणजे तें आपल्या घरांत नांदेल कीं नाहीं याचा अंदाज बांधतां येतो. त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर जी हकीकत आम्हीं त्या मंडळींपुढें मांडली, तीच थोडी नीटनेटकी करून येथें देत आहों. कोणा कारखान्याची भलामण करण्याचा आमचा हेतु नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों.

परवान्याचें यंत्र

पल्सर ही बजाज ऑटो या कारखान्याची निर्मिति. या घराण्याचें स्थान वर्ध्याचें. शेठ बच्छराज यांच्या घरीं दत्तक आलेले जमनालाल बजाज हे महात्माजींचे निकटचे सहकारी म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. बच्छराजांच्याच नांवानें १९४५ सालीं बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मंडळी स्थापन झाली, आणि १९४८ पासून ती दुचाकी व तीनचाकी गाड्या परदेशांतून आणून विकूं लागली. १९५९ सालीं त्या गाड्या येथेंच बनविण्याचा परवाना सरकारकडून मिळाला. इटलींतील पियाजो कंपनीशीं करार झाला आणि तिची व्हेस्पा स्कूटर येथें तयार होऊं लागली. पुण्याजवळचें आकुर्डी हें या उद्योगाचें माहेरघर बनलें.

यंत्र येथें तयार होई, परंतु त्यामागील कल्पना परक्याची होती. १९७१ सालीं पियाजोशीं असलेला करार संपला, आणि १९७२ मध्यें राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव धारण करून ‘चेतक’ स्कूटर बाहेर पडली. तिचा मूळ सांचा व्हेस्पाचाच होता; तथापि नांव आपलें आणि जबाबदारीहि आपली. त्या काळीं कोणत्या कारखान्यानें किती गाड्या बनवाव्या हेंहि सरकार ठरवी. मागणी अफाट आणि पुरवठा मोजका, अशी स्थिति असल्यामुळें स्कूटरसाठीं नांव नोंदवून लोकांस वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे.

येथें झोपाळ्याची करकर थांबली. ‘आठ वर्षें,’ आजोबा प्रथमच बोलले. ‘नांव नोंदविलें तेव्हां थोरला पहिलींत होता, गाडी दाराशीं आली तेव्हां तो नववींत गेला होता. आणि त्या एका स्कूटरवर आम्ही चौघे राजूरास जात असूं.’

आजोबांच्या या दोन वाक्यांत आमच्या विषयाचा अर्धा भाग आला. आपल्याकडे वाहन ही एकट्याची वस्तु नसते. तें कुटुंबाचें असतें. युरोप-अमेरिकेंत ज्याला वेगाची हौस असेल तो हौसेपुरती मोटारसायकल बाळगतो, आणि कामाला त्याची मोटार निराळी असते. आपल्या मध्यम स्थितींतल्या घरांत एकच यंत्र सकाळीं दूध आणतें, दुपारीं मुलांस शाळेंतून आणतें, आठवड्यांतून एकदां पिंपळगांव रेणुकाईच्या बाजारांत मिरचीचा भाव विचारावयास जातें, आणि सणावारीं नव्या सुनेस माहेरीं पोंचवितें. ज्या कारखानदारानें हें ओळखलें नाहीं, त्याचें वेगवान यंत्र शोभेची वस्तु होऊन बसलें.

दोन पंथ

मोटारसायकलींत आपल्याकडे पूर्वीं दोन पंथ होते. मद्रासेस १९५५ पासून एन्फील्डची बुलेट तयार होऊं लागली आणि म्हैसुरास १९६१ पासून जावा. हीं यंत्रें दणकट आणि रुबाबदार. परंतु तीं पोसणें साध्या पगारदाराचें काम नव्हतें. हा पहिला पंथ बळाचा. दुसरा पंथ १९८५ सालीं निघाला. त्या वर्षीं हिरो होंडाची शंभर सीसीची सी. डी. १०० आली. तिचें इंजिन फोर-स्ट्रोक, म्हणजे इंधन ओढणें, दाबणें, पेटविणें आणि जळका वायु बाहेर टाकणें हीं चार कामें दट्ट्याच्या चार स्वतंत्र खेपांत उरकणारें. टू-स्ट्रोक इंजिन तींच कामें दोन खेपांत उरकतें. त्यामुळें त्याला चपळाई येते, परंतु थोडें ताजें इंधन न जळतांच बाहेर निसटतें आणि पेट्रोलांत मिसळलेल्या तेलाचा निळा धूर रस्ताभर पसरतो. फोर-स्ट्रोकचा आहार थोडा आणि आचार शुद्ध. १९९६ आणि २००० सालीं धुराविषयींचे नियम कडक झाले, तसतसें टू-स्ट्रोकचें आयुष्य सरत आलें.

बजाज घराण्यानें या सुमारास जपानच्या कावासाकीशीं हातमिळवणी केली होती. १९८५ सालीं वाळूज येथें त्यांचा दुसरा मोठा कारखाना निघाला. वाळूज म्हणजे आपल्या छत्रपति संभाजीनगराच्या, त्या वेळच्या औरंगाबादच्या, लगतचें गांव. मराठवाड्यांतील कित्येक घरांत पहिला मासिक पगार त्या बाजूनें आला. १९८६ मध्यें कावासाकीच्या धर्तीची के. बी. १०० निघाली, पुढें १९९१ मध्यें फोर-एस चॅंपियन आणि १९९८ मध्यें कॅलिबर. परंतु पुनः तेंच झालें. व्हेस्पाच्या वेळीं इटलीकडे पाहावें लागे, आतां जपानकडे पाहावें लागूं लागलें. इकडे शतकाच्या अखेरीस लोकांनीं स्कूटरकडे पाठ फिरविली आणि मोटारसायकलीकडे तोंड वळविलें. ज्या चेतकसाठीं आजोबा आठ वर्षें थांबले, तिला गिऱ्हाईक शोधावें लागूं लागलें. दुचाकींतील पहिलें स्थान बजाजच्या हातून निसटून हिरो होंडाकडे गेलें.

अशा वेळीं कारखान्यापुढें सरळ मार्ग दिसत होता तो असा कीं, शंभर सीसीच्या काटकसरी गाड्यांच्या बाजारांतच स्वस्तांत स्वस्त माल काढून झुंजावें. परंतु १९९९ सालीं हिरो होंडाची सी. बी. झेड. ही सुमारें १५६ सीसीची गाडी आली, आणि ध्यानांत आलें कीं, तरुण मनुष्य थोडे अधिक पैसे देऊनहि वेगवान गाडी घेण्यास तयार आहे; मात्र तिनें घरचा हिशेब मोडतां कामा नये. बळ आणि काटकसर या दोन पंथांच्या मध्यें एक मोकळी जागा होती.

मधल्या जागेंतला जन्म

जमनालालजींचे नातू राहुल बजाज त्या वेळीं कारखान्याचे धुरीण होते, आणि त्यांचे चिरंजीव राजीव बजाज १९९० पासून कारखान्यांत काम करीत होते. मधल्या जागेसाठीं स्वतःची गाडी घडवावी, हा विचार ठरला तेव्हां घरांतूनच विरोध झाला. बाहेरच्या सल्लागारांस तो बेत पसंत नव्हता. कावासाकीशीं असलेला स्नेह बिघडेल अशीहि धास्ती होती. तरी काम चालू राहिलें. सुमारें ३६ महिने आणि सुमारें १०० कोटी रुपये त्यांत गेले. टोकियो आर. अँड डी. या जपानी संस्थेचें साहाय्य घेण्यांत आलें, आणि बाह्य रूपासाठीं ग्लिन केर या ब्रिटिश आकृतिकाराचें. मदत घेतली खरी. परंतु या वेळीं परका हा मालक नसून मदतनीस होता. करार संपल्यावर यंत्र परत घेऊन जाणारा कोणी नव्हता.

नोव्हेंबर २००१ मध्यें गाडी बाहेर आली. नांव ‘पल्सर’. ठराविक अंतरानें स्पंदनें पाठविणाऱ्या एका प्रकारच्या ताऱ्यास ज्योतिषशास्त्रांत हें नांव आहे. तिचे दोन प्रकार होते. धाकटीचें सिलिंडर सुमारें १४४ घनसेंटिमीटरचें आणि बळ १२ अश्वशक्तीचें. थोरलीचें सुमारें १७९ घनसेंटिमीटरचें आणि बळ १५ अश्वशक्तीचें. धाकटीचें सिलिंडर बुलेटच्या निम्म्याहून लहान, आणि शंभर सीसीच्या गाडीच्या सुमारें दीडपट. टाकी पुष्ट, दिवा गोल, पुढील चाकास चकतीचा ब्रेक. तरुणानें पाहिली तर त्याला ती शर्यतीची वाटावी, आणि वडिलांनीं मागील सीटवर हात ठेवून पाहिला तर ती त्यांस संसाराची वाटावी, अशी तिची घडण होती.

जन्मकाळीं तिची जाहिरात मात्र मोठी विचित्र होती. ही गाडी ‘निःसंशय पुरुष आहे’, असें इंग्रजींत ठणकावून सांगण्यांत आलें. हें ऐकतांच आंतल्या दारांत उभ्या असलेल्या सूनबाईंनीं विचारलें, ‘मग तिला साडीगार्ड कोणासाठीं लावलें हो?’

सर्व मंडळी हंसली. परंतु प्रश्न मार्मिक होता. मागें बसणाराचें वस्त्र चाकांत अडकूं नये म्हणून मागील चाकाचा निम्मा भाग झांकणारी योजना, धरावयास मूठ आणि पाय ठेवावयास आधार हीं आपल्या मोटार-नियमांनीं आवश्यक केलीं आहेत. जाहिरात कांहींहि म्हणो, यंत्राच्या अंगावर घराची खूण होतीच. पुढें २०१६ सालीं याच कारखान्याच्या चाकण येथील शाखेंत डॉमिनार ही याहूनहि बलाढ्य मोटारसायकल निघाली, तेव्हां तिची जोडणी करणाऱ्या रांगेंत स्त्रियाच कामास होत्या. पंधरा वर्षांत जाहिरातीस मिळालेलें हें उत्तर आम्हांस फार समर्पक वाटतें.

दोन ठिणग्या

पहिल्या पल्सरींत बळ होतें, परंतु काटकसरीची बाजू अजून लंगडी होती. ती २००३ सालीं सुधारली. त्या वर्षीं डी. टी. एस.-आय. या नांवानें नवी योजना आली. नांव अवघड असलें तरी कल्पना सोपी आहे. इंजिनाच्या डोक्यांत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचें मिश्रण दाबलें जातें व प्लगच्या ठिणगीनें तें पेटतें. आपण होळी एका बाजूनें पेटविली तर ज्वाळा दुसऱ्या टोकास पोंचेपर्यंत वेळ लागतो, आणि पलीकडचें कांहीं जळण अर्धवटच राहतें. तीच दोन बाजूंनीं पेटविली तर सर्व जळण लवकर आणि एकसारखें पेटतें. या इंजिनांत एका प्लगऐवजीं समोरासमोर दोन प्लग बसविले. जळण लवकर पूर्ण होऊं लागल्यामुळें पातळ मिश्रणावरहि इंजिन नीट चालूं लागलें. बळ वाढलें आणि पेट्रोल वांचलें. वेग व काटकसर यांचें भांडण मिटलें तें असें सिलिंडरच्या आंत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं गांवांतील एका गॅरेजांत आम्ही मुद्दाम गेलों. मिस्त्र्यानें उघडलेल्या इंजिनाचें डोकें आमच्या हातीं दिलें. दोन प्लगांचीं दोन भोकें, आणि मध्यें काजळीनें माखलेली वाटीसारखी जागा. ‘साहेब, एक प्लग गेला तरी ही घरापर्यंत आणून सोडते, पण गिऱ्हाईकाला तें कळत नाहीं आणि मग पेट्रोल जास्त खाते म्हणून ओरडतो,’ तो म्हणाला. यंत्राची खरी पारख कोणास असते, हें त्या एका वाक्यावरून दिसतें.

दोन ठिणग्यांची कल्पना अगदींच नवी नव्हती, हें सांगणें न्यायाचें होईल. विमानांच्या इंजिनांत ती फार पूर्वींपासून होती. ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या लहान सिलिंडरांत ती यशस्वी करणें, ही बजाजच्या संशोधन-विभागाची कामगिरी. त्यासाठीं २००२ सालीं एकस्वाचा अर्ज झाला आणि २००५ मध्यें तें मिळालें. २००७ सालीं टी. व्ही. एस. या दक्षिणेकडील कारखान्याच्या एका गाडीवरून या एकस्वाचा तंटा मद्रासच्या उच्च न्यायालयांत गेला, तेथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला, आणि २०१९ सालीं आपसांत मिटला. परवान्यासाठीं परक्यांच्या दारीं उभे राहणारे आपले कारखाने आतां आपल्याच एकस्वावरून आपल्याच न्यायालयांत भांडूं लागले. भांडण वाईट खरें. तरी त्यामागील स्थित्यंतर लहान नाहीं.

चुका आणि दुरुस्त्या

या यंत्राच्या इतिहासांत चुकाहि आहेत, आणि आमच्या मतें त्याच अधिक शिकविणाऱ्या आहेत. २००७ सालीं २२० सीसीची पल्सर निघाली. तींत कार्ब्युरेटर काढून टाकून पेट्रोलचा नेमका फवारा मारणारी योजना बसविली होती, आणि मागील चाकासहि चकतीचा ब्रेक होता. यंत्र उत्तम, परंतु किंमत चढली आणि मध्यम माणसाचा हात आंखडला. कारखान्यानें हट्ट धरला नाहीं. २००९ सालीं तीच गाडी पुनः कार्ब्युरेटर लावून स्वस्तांत काढली, आणि ती लोकांनीं उचलून घेतली. गंमत अशी कीं, १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले तेव्हां तोच फवारा साध्या गाड्यांतहि आला. चांगली गोष्ट वेळेआधीं आली म्हणजे तिला थोडें माघारीं जावें लागतें. पुढें तीच सर्वांच्या घरीं येते.

२००७ सालींच बजाजनें ऑस्ट्रियांतील केटीएम या शर्यतींच्या गाड्या करणाऱ्या कारखान्याचे १४.५ टक्के भाग घेतले. त्या सहवासाचें फळ २०१२ सालीं पल्सर २०० एन. एस. या गाडीच्या रूपानें दिसलें. इंजिन थंड ठेवण्यास द्रवाची योजना, चार झडपा, दोनांऐवजीं तीन प्लग, आणि बळ २३.५ अश्वशक्ति. २०१६ मधील डॉमिनार ३७३ सीसीची आणि ३५ अश्वशक्तीची निघाली. २०१९ सालीं तिचें बळ ४० झालें. २०२४ सालीं पल्सर हें नांव धारण करणारी ४० अश्वशक्तीची एन. एस. ४०० झेड. आली. २००१ सालची सर्वांत बलवान पल्सर १५ अश्वशक्तीची. तेवीस वर्षांत बळ अडीच पटींहून अधिक झालें. २०१८ पर्यंत एक कोटि पल्सर निघाल्या होत्या. ज्यांस इतकें बळ नको त्यांच्यासाठीं दीडशेंची जुनी पल्सरहि चालूच राहिली, हें विशेष. चेतक स्कूटर मात्र २००९ च्या आंतच इतिहासजमा झाली. आणि २०२० सालीं तेंच नांव विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या रूपानें परत आलें. हें ऐकून आजोबांचा चेहरा थोडा खुलला.

थांबण्याची विद्या

येथपर्यंत आजीबाई गप्प होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, ‘तुम्हीं धांवण्याचें सगळें सांगितलें. थांबण्याचें कांहींच सांगितलें नाहीं.’

आम्हांस क्षणभर उत्तर सुचलें नाहीं. कारण हा प्रश्न ज्यानें प्रथम विचारावयास हवा, तो आपला तरुण वर्ग तो शेवटीं विचारतो, आणि पुष्कळदां विचारीतच नाहीं. आपल्या देशांत रस्त्यावर मृत्यु पावणाऱ्यांत दुचाकीवर बसलेल्यांचाच वांटा सर्वांत मोठा आहे.

थांबण्याचें शास्त्र असें. ब्रेक लागतांच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून थांबविण्याचें खरें काम पुढचा ब्रेक करतो. परंतु तोच घाबरून करकचून दाबला तर चाक फिरावयाचें थांबतें, रबर रस्त्यावरून घसरूं लागतें, आणि ओल्या मातीवर गाडी क्षणांत आडवी होते. मधल्या चिरंजीवांचें हेंच झालें होतें. यावर ए. बी. एस. नांवाची योजना निघाली. चाकाजवळ बसविलेला संवेदक चाकाची गति सारखी मोजतो. चाक अडकूं लागल्याचें दिसतांच ब्रेकचा दाब निमिषमात्र सैल केला जातो व पुनः लावला जातो, आणि हें एका सेकंदांत अनेकदां घडतें. चाक फिरत राहतें, म्हणून मूठ वळवितां येते आणि तोल राहतो. पल्सर कुळांत ही सोय २०१५ सालच्या आर. एस. २०० या गाडीस प्रथम लाभली. पुढें सरकारी नियमानें १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक दुचाकीस ती सक्तीची झाली. त्याहून लहान गाड्यांस दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची साधी योजना पुरे मानण्यांत आली.

या ठिकाणीं वादाचा कांटा फिरला. चुलते ज्या शंभर सीसीच्या गाडीस सुरक्षित समजत होते, तिला ही सोय देण्याचें या नियमानें बंधन नव्हतें. आणि ज्या दीडशेंच्या गाडीस ते उनाड समजत होते, तिला तें बंधन होतें. अर्थात् दीडशेंच्या पल्सरला ही योजना पुढच्या चाकापुरतीच आहे, आणि गाडी जितकी बळाची तितका मोहहि अधिक, हेंहि आम्हीं लपविलें नाहीं. यंत्र हात सांवरील. मन सांवरण्याची योजना कोणत्याहि कारखान्यांत बनत नाहीं. शिरस्त्राण, ज्यास सर्वजण हेल्मेट म्हणतात, तें चालविणारानें आणि मागें बसणारानें दोघांनींहि घालावें, असा कायदा आहे. परंतु आपल्या गांवांतून तें आरशावर टांगून नेण्याचीच चाल पडली आहे. आरशाचें डोकें वांचवून काय साधणार? त्या घरांत मधले चिरंजीव आपल्या चांगल्या कानावर हात ठेवून हें सर्व ऐकत होते, आणि त्यांच्याकडे पाहून कोणीच कांहीं बोललें नाहीं.

निकाल

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. उज्जयिनीहून पैठणास जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचें हें नगर. सांची आणि भारहुत येथील दानलेखांत या गांवच्या दात्यांचीं नांवें आढळतात. केळणेच्या कांठीं गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत उत्खनन झालें, तेव्हां एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. इटलींत ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांत सांपडलेल्या हस्तिदंती मूर्तीशीं तिचें साम्य विद्वानांच्या ध्यानांत आलें. एके काळीं या भागांतील कारागिरांच्या हातचें काम इटलीपर्यंत गेलें असावें. मधल्या काळांत आपण इटलीकडून स्कूटर बनविण्याचा परवाना मागत होतों. आज पुण्याजवळ घडलेली पल्सर कोलंबियासारख्या दूरच्या देशांतील रस्त्यांवर धांवते. या फेऱ्याचा अभिमान धरावा. परंतु अभिमानानें घरचा निर्णय घेऊं नये. तो घरच्या गरजेनेंच घ्यावा.

आम्हीं पंच म्हणून इतकेंच सांगितलें : या यंत्राचें कुळ चांगलें आहे, कारण तें एका घरांत तरुणाची हौस आणि वडिलांचा हिशेब दोन्ही नांदाव्या म्हणूनच जन्मलें. घ्यावयाचें तर दीडशेंचेंच घ्यावें, त्याहून मोठ्याचा मोह धरूं नये. आणि यंत्राबरोबर दोन शिरस्त्राणें घ्यावीं. आजोबांनीं नातवास जवळ बोलाविलें. ‘मी गाडीसाठीं आठ वर्षें थांबलों,’ ते म्हणाले, ‘तूं वळणावर क्षणभर थांबत जा, एवढेंच मागतों.’

परवां त्या घरून पत्र आलें. पाडव्यास गाडी आली. सूनबाईंनीं तिला कुंकू लावलें, चुलत्यांनीं नारळ फोडला, आणि आजोबा डोक्यावरची टोपी काढून शिरस्त्राण घालून मागें बसले व राजूरास जाऊन आले. चुलते दर आठवड्यास पेट्रोलचा हिशेब वहींत मांडतात आणि अजून तरी त्यांस तक्रारीस जागा सांपडलेली नाहीं. आजीबाई अद्याप गाडीवर बसलेल्या नाहींत. परंतु रोज सकाळीं नातू निघाला म्हणजे त्या ओट्यापर्यंत येतात, त्याच्या हनुवटीखालचा पट्टा ओढून पाहतात, आणि मगच त्याला जाऊं देतात.